पुरावा म्हणून भाऊबीज

कालगुर्ली हे सोन्याच्या खाणींचं गाव ऑस्ट्रेलियात, पर्थपासून सहाशे किलोमीटर आत आहे. मधल्या रस्त्यावर बघण्यासारखं काही नाही, आणि ते इथल्या प्रत्येकाने निदान वीस वेळा बघितलेलं आहे. गावात मराठी घरं अकरा. अकरा घरांत कुठलीही गोष्ट लपून राहत नाही असा आमचा समज होता. रामदास खळदकरने तो सव्वा वर्ष खोटा पाडला, आणि तेही काहीही न करता.

रामदास अठ्ठावन्न वर्षांचा. खाणीतला दगड दळणाऱ्या गिरणीची देखभाल तो एकोणीस वर्षं करतोय. गिरणी म्हणजे घराएवढं लोखंडी पिंप. ते अहोरात्र फिरतं आणि त्याच्या आसपास बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही. रामदासला ही जागा चांगली मानवली. तो मुळात बोलणाऱ्यांतला नव्हे. कुणी काही विचारलं की तो 'हं' म्हणतो, आणि विचारणाऱ्याने त्याचं काय करायचं ते करावं.

बोलायचं खातं लीनाकडे होतं. लीना म्हणजे त्याची पहिली बायको. आमचं मंडळ तिने सुरू केलं तेव्हा गावात मराठी घरं चार होती. गणपतीच्या सामानाच्या खोक्यांवर अजून तिचंच अक्षर आहे: 'मखर. उलटं ठेवू नये.' अजूनही कुणी ठेवत नाही. सात वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर रामदास प्रत्येक कार्यक्रमाला वेळेवर यायचा, हातात बर्फाच्या दोन पिशव्या घेऊन. बर्फ आणायचं काम त्याला कुणी दिलेलं नव्हतं. तो बर्फ ठेवायचा, जेवायचा, खुर्च्या रचायचा आणि जायचा.

विनीता त्याला भेटली ती पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत. वडिलोपार्जित घरातला आपला वाटा भावाला सोडून द्यायचा म्हणून रामदास तिथे हक्कसोडपत्र नोंदवायला गेला होता. विनीता त्या कचेरीत सत्तावीस वर्षं कारकून. वय पन्नाशीचं, लग्न झालेलं नाही. आईचं आजारपण चौदा वर्षं चाललं, आणि ते संपलं तोवर स्थळंही संपली होती. तिने रामदासचे कागद तीनदा परत केले. एकदा साक्षीदाराची एक सही राहिली होती. एकदा पासपोर्टवरच्या नावातले वडील कागदावरच्या नावात गळले होते. तिसऱ्यांदा काहीच चूक नव्हती, हे तिने पुढे लग्न झाल्यावर कबूल केलं.

मग दोन वर्षं व्हॉट्सॅप. त्यानंतरच्या जूनमध्ये पुण्याला दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. साक्षीला रामदासची मुलगी अनुष्का, विनीताचा भाऊ आणि वकिलाकडचा एक मुलगा. हार नकोत, फोटो नकोत, या वयात शोभत नाही, यावर वधूवरांचं पूर्ण एकमत होतं. हे एकमत त्यांना पुढे नडलं.

सप्टेंबरात विनीता व्हिजिटर व्हिसावर कालगुर्लीला आली. रामदास इथला नागरिक असल्यामुळे त्यांनी लगेच पार्टनर व्हिसाचा अर्ज भरला आणि उत्तर येईपर्यंत तिला इथे राहायची मुभा मिळाली. त्याच आठवड्यात दोघं भाजी आणायला गेली असताना त्यांना नीरजा भेटली. नीरजा हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, आणि लीनाची ती सगळ्यात जवळची मैत्रीण. लीनाच्या शेवटच्या तीन महिन्यांत रामदासच्या घरचा डबा तिच्याकडून जायचा.

"भाऊजी, गावाहून बहीण आली का?" नीरजाने विचारलं. "बरं झालं बाई. घराला माणूस हवं."

रामदास म्हणाला, "हं."

ते 'हो' नव्हतं. 'बायको' हा शब्द नीरजासमोर काढायचा तर आधी कुठला तरी दुसरा शब्द बोलावा लागेल, आणि तो कुठला हे त्याला सुचेना, म्हणून घेतलेला तो श्वास होता. पण नीरजाला तेवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा घरांना रामदासच्या बहिणीची बातमी लागली. विनीता तेव्हा शेजारीच कोथिंबीर निवडत होती. तिने हातातली जुडी परत ठेवली. गाडीत रामदास म्हणाला, पुढच्या वेळी सांगतो. ती म्हणाली, घाई नाही.

सरकारी नोकरीतल्या माणसाने 'घाई नाही' म्हटलं की ते काम कुठे जाऊन पडतं, हे तिला तरी ठाऊक असायला हवं होतं. तिने मंगळसूत्र कुर्त्याच्या आत ठेवायला सुरुवात केली. कालगुर्लीच्या उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बटणं लावून बसणारी ही बाई फार जुन्या वळणाची असणार, असं आम्ही ठरवलं.

दिवाळी आली. इथे सगळे शिफ्टवर असल्याने सण तिथीने येत नाहीत, शनिवारने येतात, आणि त्या वर्षीचा शनिवार भाऊबीजेच्या वाट्याला आला. नीरजाने घरी सगळ्यांना बोलावलं होतं. तिने निरांजनाचं ताट विनीताच्या हातात दिलं. "ताई, पहिला मान तुमचा. आमच्या सगळ्यांचे भाऊ मोबाइलवर, तुमचा तेवढा इथे."

विनीताने रामदासकडे पाहिलं. रामदासने पाटाकडे पाहिलं आणि तो पाटावर बसला. एवढ्या बायका जमल्या आहेत, ज्योत पेटली आहे, ताट हातात आलं आहे. आता 'थांबा' म्हणायला जे धैर्य लागतं ते त्याच्याकडे असतं, तर भाजीच्या दुकानातच काम झालं असतं. विनीताने त्याला ओवाळलं. नीरजाचा नवरा यतिन खाणीत सर्व्हेअर आहे. त्याने फोटो काढला, आणि खाली 'बहीण-भावाचं अतूट नातं' असं लिहून आमच्या ग्रुपवर टाकला. एकोणतीस जणांनी बदाम पाठवले.

पुढच्या दिवाळीत रामदास आणि विनीता पर्थला दाताच्या डॉक्टरकडे गेली. चार दिवस.

त्यानंतरच्या जानेवारीत इमिग्रेशनचं पत्र आलं. पत्र अत्यंत सभ्य होतं. तुमचा संसार खरा आहे याचे पुरावे अर्जात कमी पडत आहेत, विशेषतः लोक तुम्हाला जोडपं म्हणून ओळखतात याचे. अठ्ठावीस दिवसांत पाठवा. एकत्र काढलेले फोटो, एकत्र गेलेल्या समारंभांचे तपशील, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या इथल्या माणसांची लेखी साक्ष, म्हणजे फॉर्म ८८८. खात्याचा यात काही दोष नव्हता. जे त्यांनी विचारलं ते कुणीही विचारलं असतं. आम्ही सोडून.

अनुष्का पर्थहून विमानाने आली. ती सत्तावीस वर्षांची, फार्मासिस्ट, बापाच्या उलट. अर्जाचं सगळं तिनेच बघितलं होतं, आणि गावात बाबाने काय करून ठेवलंय याची तिला कल्पना नव्हती. जेवणाच्या टेबलावर तिने लॅपटॉप उघडला आणि फोटो मागितले. रामदासने फोनमध्ये बराच वेळ शोधून एक काढून दिला.

अनुष्काने फोटो बोटांनी मोठा केला. "बाबा, ही भाऊबीज आहे."

"हं."

"म्हणजे, लिटरली भाऊबीज. खाली लिहिलंय. तू इमिग्रेशनला भाऊबीज पाठवणार?"

दुसरा फोटो नव्हता. दोन वर्षांच्या व्हॉट्सॅपची छपाई निघाली दोनशे चौदा पानं. त्यात रामदासचा रोजचा मजकूर 'आज ४१' किंवा 'आज ३९, वारा' असा होता, आणि विनीताचा 'इथे ढगाळ'. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ही दोन वेधशाळांची देवाणघेवाण वाटली असती. शेवटी अनुष्का म्हणाली, इट्स फाइन, पर्थमधले माझे फ्रेंड्स साक्ष लिहून देतील. श्रेयस देईल, चिन्मयी देईल. नो वरीज.

"त्यांनी मला पाहिलंय का?" विनीताने विचारलं.

"व्हिडिओ कॉलवर. एकदा. तू पाठमोरी होतीस."

"मग नको."

विनीताचा आवाज कधी चढत नाही. तिने सांगितलं ते असं, की तिच्या कचेरीबाहेर लिंबाखाली एक गृहस्थ बसायचे, ज्यांच्याकडे साक्षीदार नाही त्यांचे साक्षीदार व्हायला. स्वच्छ कपडे, खिशाला दोन पेनं. एकदा तिने मोजलं तर त्यांनी एका दिवसात नऊ माणसांना लहानपणापासून ओळखलं होतं. त्यांच्या सह्यांवर उभे असलेले व्यवहार पुढे कोर्टात कसे आडवे होतात ते तिने सत्तावीस वर्षं पाहिलं. आयुष्यात एकदाच लग्न केलं, ते लिंबाखालच्या साक्षीवर नको.

"साक्ष द्यायची तर माणसाला आधी माहीत पाहिजे," ती म्हणाली, आणि रामदासकडे न बघता ताटं उचलून आत गेली.

परत जावं लागलं तर कुठे जायचं हे विनीताला माहीत होतं. नोकरीचा राजीनामा दिला होता, भाड्याची खोली सोडली होती. भावाच्या घराच्या पुढच्या खोलीत, जिथे शिलाई मशीन आणि इस्त्रीचे कपडे असतात, तिथे तिची कॉट पडली असती. अनुष्काने बाबाला सांगितलं, की हे लोक नाही म्हणाले तर ती जाणार, आणि ती गेली तर तू पुन्हा बर्फ नेत बसशील.

संक्रांतीचं हळदीकुंकू अठरा जानेवारीच्या शनिवारी नीरजाकडे होतं. बाहेर त्रेचाळीस डिग्री. तिळाच्या वड्यांनी वड्या असण्याचा आग्रह सोडून दिला होता. बायका आत, पुरुष मागच्या अंगणात पत्र्याखाली बार्बेक्यूभोवती, अशी नेहमीची विभागणी. रामदासने आधी पुरुषांना सांगायचं ठरवलं होतं. लिथियमचे भाव आणि पर्थच्या विमानाची रद्द झालेली फेरी यांच्या मधल्या फटीत तो यतिनला म्हणाला, "एक सांगायचं होतं."

"बर्फ संपला का?" यतिनने विचारलं.

"नाही."

"मग नो वरीज." यतिनने कणसं उलटली.

असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा बर्फ खरोखर संपला, आणि रामदास गाडीतली पिशवी घेऊन घरातून मागे यायला निघाला. सरकत्या दाराशी तो थांबला, कारण आत वाण वाटणं चाललं होतं. यंदाचं वाण चहाची स्टीलची गाळणी. नीरजा एकेकीला हळदकुंकू लावून हातात गाळणी ठेवत येत होती. विनीताजवळ आल्यावर तिने कुंकू लावलं, गाळण्यांची परात खाली ठेवली, आणि कपाटातून चांगल्या कागदात बांधलेला एक स्कार्फ काढला.

"ताई, हे तुमच्यासाठी वेगळं." बिनलग्नाच्या बाईला सवाष्णींच्या रांगेत परकं वाटू नये म्हणून ती पर्थहून तो मुद्दाम घेऊन आली होती.

"किती छान रंग आहे," विनीता म्हणाली. आणि तिला तो आवडलाही होता, हेच रामदासला सोसलं नाही असं तो म्हणतो.

"नीरजा," तो दारातून म्हणाला, "तिला गाळणी दे."

"काय, भाऊजी?"

"गाळणी. तिलाही दे. तिचं लग्न झालंय."

"ताईंचं? कुणाशी?"

"माझ्याशी."

त्यानंतर कोण कुठे बसलं होतं हे आता प्रत्येकजण वेगळं सांगतो. बर्फाची पिशवी गळत होती एवढं नक्की, कारण पायपुसणं नंतर वाळत घालावं लागलं. विनीताने वरची दोन बटणं काढली आणि आतलं मंगळसूत्र बाहेर घेतलं; कचेरीत कुणी मूळ प्रत मागितली की काढून समोर ठेवावी, तसं.

"कधी?" नीरजाने विचारलं.

"मागच्याच्या मागच्या जूनमध्ये."

"आणि मी तुम्हाला भाऊबीजेला ओवाळायला लावलं."

"मी मनात पाडवा धरला होता," विनीता म्हणाली.

आधी एक हसली, मग सगळ्या. नीरजा हसली नाही. तिने परातीतली एक गाळणी उचलून विनीताच्या हातात दिली, स्कार्फही परत घेतला नाही, आणि ती कपडे धुण्याच्या खोलीत जाऊन उभी राहिली. रामदास तिच्यामागे गेला. तिथे जे बोलणं झालं ते नीरजानेच मागाहून सांगितलं.

"तुम्हाला काय वाटलं, मी लीनासाठी तुमच्याशी भांडेन?"

"हं."

"भांडले असते. आठ दिवस. नवव्या दिवशी दोघांना जेवायला बोलावलं असतं. तुम्ही माझं सव्वा वर्ष फुकट घालवलंत, भाऊजी. त्या बाईला मी एकदाही नावाने हाक मारली नाही. ताई, ताई करत बसले. चार वर्षांनी मोठी आहे मी तिच्याहून."

फॉर्म ८८८ चौघांनी भरले: नीरजा, यतिन आणि आणखी दोघं. अनुष्काने मसुदे तपासले आणि डोकं धरलं. विनीताने प्रत्येकाला एकच अट घातली होती, की जेवढं माहीत आहे तेवढंच लिहायचं, आणि कधी कळलं तेही. त्यामुळे चारही साक्षीदारांनी, अठरा जानेवारीपर्यंत आम्हाला या लग्नाची कल्पना नव्हती, अशी सुरुवात केली होती. अनुष्का म्हणाली, ग्रेट, यापेक्षा काहीच न पाठवलेलं बरं. विनीता म्हणाली, कागदावर अंगठा एकदा उठला की उठला, त्यावर खरं तेच राहू दे.

नीरजाने मात्र पुढे आणखी अर्धं पान लिहिलं. जेवताना विनीता ताटातली मिरची बाजूला काढते आणि रामदास ती न विचारता उचलून आपल्या ताटात घेतो, हे आपण अनेकदा पाहिलं होतं. रामदास काही शोधू लागला की ती त्याच्या चष्म्याची डबी आपल्या पर्समधून काढून देते, हेही पाहिलं होतं. आपल्याला दोन भाऊ आहेत. त्यांच्यापैकी कुणीही असं वागलेलं नाही, तेव्हा आपल्याला कळायला हवं होतं. न कळण्याचं कारण एवढंच की आपण त्या घरात दुसरंच माणूस बघत होतो.

राहिलं रामदासचं निवेदन: नातं कसं जुळलं आणि वाढलं. त्याचा पहिला मसुदा शिफ्टच्या अहवालासारखा होता. अमुक तारखेला विनीताचे आगमन. प्रकृती ठीक. स्वयंपाकघरातील नळाची गळती बंद केली. अनुष्काने विचारलं, बाबा, यात फीलिंग्स कुठे आहेत? तो म्हणाला, नळ दुरुस्त केला ना. मग त्याने कागद परत घेतला आणि दोन दिवसांनी त्यात एक परिच्छेद वाढवून आणला. तो अनुष्काने इंग्रजीत केला, पण मूळ असं होतं:

'माझी पहिली पत्नी गेल्यावर मी कामावरून आलो की गाडी आवारात लावून आत बसून राहायचो. इंजिन आणि एसी चालू ठेवून. वीस मिनिटं, कधी चाळीस. घरात जायला काही अडचण नव्हती. असं पाच वर्षं चाललं. विनीता आल्यापासून मी गाडी बंद करतो आणि आत जातो. हे मी तिला सांगितलेलं नाही. लोकांना सांगायला उशीर झाला ही चूक माझी आहे, तिची नाही.'

ते टाइप करताना अनुष्का मधेच उठून पाणी प्यायला गेली. मूळ कागद विनीताने वाचला की नाही माहीत नाही. जोडपत्रांना क्रमांक तिनेच घातले, तेव्हा वाचला असणार. त्या संध्याकाळी रामदासची गाडी आवारात शिरली तेव्हा ती दार उघडून उभी होती, एवढं समोरच्यांनी पाहिलं. भाऊबीजेचा फोटोही तिने जोडपत्र सात म्हणून लावला, खाली खुलाशासह. दोन दिवस शिल्लक असताना सगळं गेलं.

मग वाट बघणं. या काळात रामदासला एक नवीनच खोड लागली. त्याला 'बायको' हा शब्द सापडला होता आणि तो कुठेही वापरायला तो तयार असायचा. बँकेत, टायरच्या दुकानात, पोस्टात पार्सल घेताना, कुणी विचारलेलं नसताना 'धिस इज माय वाइफ.' टायरवाला म्हणाला, गुड ऑन यू, मेट. विनीता त्याला म्हणाली, अहो, आता पुरे, साक्षीदार झाले सगळे. पण मंगळसूत्र आता बाहेर असायचं, आणि बटणं हवामानाप्रमाणे.

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी साडेदहाला ईमेल आला. व्हिसा मंजूर. आत्ता तात्पुरता, कायमचा पुढच्या टप्प्यात. पण खरी परीक्षा होती ती ही. विनीताने तो तीनदा वाचला. अनुष्काला कळवण्याआधी, नीरजाला कळवण्याआधी, तिने खाणीच्या ऑफिसला फोन लावला. हे तिने कधी केलं नव्हतं. प्लांटमध्ये मोबाइल चालत नाहीत. निरोप कंट्रोल रूमकडे जातो आणि तिथून रेडिओवर. पलीकडच्या मुलीने विचारलं, कोण बोलतंय म्हणून सांगू?

गिरणीच्या बाजूचे पन्नासेक लोक त्या चॅनलवर असतात. यतिनही होता, त्याच्याचमुळे हे आम्हाला कळलं. कंट्रोल रूमची मुलगी सगळ्यांच्या कानात म्हणाली, "रामदास, तुमच्या बायकोचा फोन आहे. म्हणते, ती राहतेय."

रामदासने रेडिओवर 'ऐकलं' या अर्थी म्हणतात ते म्हटलं. "कॉपी."

यतिन सांगतो, एवढ्यावर ते संपायला हवं होतं. चॅनल स्वच्छ होता, एकेक शब्द कळत होता. पण रामदासने पुन्हा बटण दाबलं आणि म्हणाला, नीट ऐकू आलं नाही, परत सांगता का. त्या मुलीने परत सांगितलं.